एमजीबीचा हीटर आणि काचेखालचे व्हेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी १९७० सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघड्या छताची जुनी स्पोर्ट्स कार, आहे आणि मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. इथे नोव्हेंबर ते मार्च सकाळी काचेवर बाहेरून दव गोठलेलं असतं आणि आतून आपल्याच श्वासाची वाफ धरते. पहिल्या हिवाळ्यात मी एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं अशी गाडी चालवली. ते धोक्याचं होतं आणि पुन्हा तसं करायचं नव्हतं, म्हणून हीटर मुळापासून उकलला. तेव्हापासून इथले आणि भारतातले मराठी गाडीवाले मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हीटर चालतोय, पण काच काही साफ होत नाही. डॅशबोर्डवरचे व्हेंट बदलू का?

लगेच बदलू नका. व्हेंट, म्हणजे डॅशबोर्डवरून काचेकडे हवा सोडणारी फट, हे हवेच्या वाटेचं शेवटचं टोक आहे आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधीच असतो. एमजीबीत हवा काचेपुढच्या जाळीतून आत शिरते, जाळीखालच्या पत्र्याच्या पोकळीत उतरते, तिथून हीटरच्या पेटीत जाते, गरम पाण्याच्या कोअरमधून (छोट्या रेडिएटरसारख्या जाळीतून) पार होते, फायरवॉल (इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधला पत्रा) ओलांडून डॅशबोर्डखाली येते आणि दोन नळ्यांमधून वर चढून काचेवर पडते. या वाटेत जिथे जिथे सांधा आहे तिथे तिथे हवा गळू शकते. पन्नास वर्षांच्या गाडीत ती गळतेच. माझ्या गाडीचे व्हेंट उत्तम होते. त्यांच्यापर्यंत निम्मीसुद्धा हवा पोचत नव्हती.

म्हणून काम या क्रमानं करा: आधी पाणी, मग हवा, मग गळती आणि सगळ्यात शेवटी व्हेंटचं रूप. बरेच जण उलटं करतात. व्हेंट चकचकीत करतात आणि काच तशीच धूसर राहते.

पाण्याचा दोष आहे की हवेचा, हे कसं ओळखायचं?

इंजिन नीट गरम होऊ द्या, तापमानाचं बटण पूर्ण गरमवर फिरवा आणि बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही होजना (पाण्याच्या रबरी नळ्यांना) हात लावून बघा. पंख्यापासून बाही आणि केस लांब ठेवा.

दोन्ही होज कडकडीत गरम असतील तर पाणी व्यवस्थित फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि एक कोमट असेल तर कोअर आतून चोंदलेलं आहे. दोन्ही गार असतील तर हीटरचा व्हॉल्व्ह (गरम पाणी सोडणारी तोटी) उघडत नाहीये, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच राहिल्यामुळे इंजिनच पुरेसं तापत नाहीये. पाच मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका.

व्हॉल्व्ह कुठे असतो?

सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला. आतल्या बटणापासून एक केबल तिथपर्यंत येते. बटण फिरलं म्हणजे व्हॉल्व्ह फिरला असं समजू नका. एक माणूस आत बसवा, त्याला बटण पूर्ण फिरवायला सांगा आणि बाहेरून व्हॉल्व्हचा हात किती हलतो ते बघा. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमध्ये नीट पकडलेलं नसेल तर ओढ सगळी आवरण सरकवण्यात जाते आणि व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो. माझ्याकडे नेमकं हेच होतं. क्लिप बसवल्यावर त्याच दिवशी पायाला ऊब लागली.

जुना व्हॉल्व्ह गळत असेल तर नवा घ्या आणि त्याबरोबर गॅस्केटही नवंच बसवा.

थर्मोस्टॅट कोणता वापरावा?

नेहमीसाठी ८२ अंश सेल्सिअसला उघडणारा. थंड प्रदेशात आणि वर्षभर चालणाऱ्या गाडीत ८८ अंशांचा लावतात. हीटरला फरक जाणवतो. इंजिन उन्हाळ्यात तापण्याची खोड असेल तर आधी रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढून टाकू नका. थर्मोस्टॅट नसलेली गाडी हिवाळ्यात कधीच पुरेशी गरम होत नाही.

गळती कुठे आहे हे नेमकं कसं सापडतं?

उदबत्तीनं. इथल्या मित्रांना हे दाखवलं तेव्हा ते बघतच राहिले, पण यापेक्षा सोपं साधन मला माहीत नाही.

संध्याकाळी गाडी गॅरेजात उभी करा. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका, आणि बॉनेटखाली तर कधीच नाही. फक्त आत, डॅशबोर्डखाली. इंजिन बंद, इग्निशन चालू, हीटरचा पंखा चालू, हवेचं बटण काचेकडे आणि पायाजवळचे दोन्ही छोटे दरवाजे बंद. मग टॉर्च घेऊन खाली वाका आणि उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर सांधा ठीक. धूर एकाएकी आडवा उडाला की तिथे हवा गळतेय.

माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या नळीच्या कोपराजवळ धूर असा उडाला की जणू कुणी फुंकर मारली. हात घातला तर रबराचा कोपर मागच्या बाजूनं बोटभर फाटलेला. वरून पाहिलं तर अगदी धडधाकट दिसत होता, कारण चीर फायरवॉलकडे तोंड करून होती. काचेच्या डाव्या अर्ध्या भागावरची वाफ का जात नाही, याचं उत्तर त्या एका चिरेत होतं.

नळ्या आणि कोपर दुरुस्त होतात का?

लवचिक नळी छोट्या भोकापुरती टेपनं चालते, पण मी टेपवर विश्वास ठेवत नाही. उष्णतेनं चिकटपणा सुटतो आणि एक दिवस नळी हळूच निसटून मांडीजवळ लोंबते. नवे कोपर आणि नळ्या एमजीबीसाठी आजही बनतात. ५ लाखांहून जास्त गाड्या बनल्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. बसवताना कोपर कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, रबर मऊ होतं आणि तोंडावर सहज चढतं. नळीला वाटेत घडी पडू देऊ नका. डॅशबोर्डमागे वायपरची यंत्रणा आणि वायरी असतात. त्यांच्यात नळी चेपली गेली तर नवी नळीही जुन्यासारखीच वागते.

व्हेंट मूळचेच ठेवू की नवे घेऊ?

मूळचे तुटलेले नसतील तर ठेवा. जुन्या व्हेंटचं माप आणि कडांची गोलाई नव्या नकलांमध्ये नेहमीच तंतोतंत उतरत नाही, आणि डॅशबोर्डच्या वक्राकारावर मिलिमीटरभर फटही डोळ्यांत खुपते.

काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. व्हेंट वरून उचकटू नका. डॅशबोर्डखालून हात घालून आधी नळी सुटी करा, मग व्हेंट कशानं पकडलाय ते बोटांनी चाचपा. वर्षानुसार आणि डॅशबोर्डच्या प्रकारानुसार पकड वेगळी असते. जागा इतकी अरुंद आहे की दिसत काहीच नाही. मी फोन आत धरून फोटो काढत गेलो आणि फोटो पाहून हात चालवला. मांडीवर जुनी चादर पसरा. खाली पडलेला छोटा नट गालिच्यात गेला तर संध्याकाळ त्यातच जाते.

प्लॅस्टिकचे व्हेंट कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यानंच धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिक पांढरट पडून ठिसूळ होतं. फटीतली धूळ सुकल्यावर ब्रशनं काढा. ओली केली की तिचा चिखल होऊन कोपऱ्यात बसतो. उन्हानं करडे पडलेले असतील तर प्लॅस्टिकच्या प्रायमरवर हलक्या चमकेचा काळा रंग द्या. अगदी चकचकीत काळा देऊ नका. व्हेंट काचेच्या लगेच खाली आहेत आणि त्यांचं प्रतिबिंब रात्री समोरच्या काचेत पडतं. धातूचे असतील तर गंज घासून प्रायमर द्या, मग पातळ थर. रंगाचे जाड थर दिले की मुळातच अरुंद असलेली फट आणखी अरुंद होते.

बाहेरच्या जाळीचं क्रोम ही वेगळी गोष्ट. ती काढली की तिच्याखालची पोकळी साफ करायची संधी मिळते. ती सोडू नका.

पाऊस पडला की पायाखालचा गालिचा ओला होतो. याचा हीटरशी काय संबंध?

फार जवळचा. काचेपुढच्या जाळीतून हवेबरोबर पावसाचं पाणीही आत येतं. ते पाणी खाली सोडण्यासाठी पोकळीच्या तळाला रबराची एक नळी आहे. ती पाणी गाडीखाली नेते. त्या नळीत पानं आणि माती बसली की पाणी पोकळीत साचतं, मग हीटरमध्ये आणि तिथून तुमच्या पायांवर. लोक वर्षानुवर्षं हीटर कोअर गळतंय असं समजून कोअर बदलत बसतात.

ओळखायची खूण: गालिच्यावरचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर पावसाचं. बोटांना चिकट, गोडसर वासाचं असेल तर अँटिफ्रीझ, म्हणजे कोअर किंवा होज. चव घेऊन बघू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची चव गोड असते, म्हणून सांडलेलं अँटिफ्रीझ लगेच पुसा. घरात लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर जास्तच जपा.

माझ्या गाडीच्या त्या नळीतून मी वाकवलेल्या तारेनं काळा पडलेला पाचोळा उपसला. एवढ्याशा नळीतून वाटीभर निघाला. नंतर तांब्यानं वरून पाणी ओतलं आणि ते खाली फरशीवर पडायचा आवाज ऐकला तेव्हा बरं वाटलं. आता दर ऑक्टोबरात, झाडांची पानं गळली की, एक तांब्या पाणी ओततो.

हीटरची पेटी काढावीच लागेल का?

आतला फोम गेला असेल किंवा कोअर गळत असेल तर हो. मोटर तेवढी बिघडली असेल तर पेटी न हलवता मोटर एकटी निघते.

पेटी काढणं या गाडीवरचं सगळ्यात चिकाटीचं काम आहे. इथे जुने मालक म्हणतात की एमजीच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात आधी हीटर टांगायचे आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधायचे. एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी काढा, बॅटरी सोडवा, दोन्ही होज, मोटरच्या वायरी आणि व्हॉल्व्हची केबल सोडा. मग आत जा: रबराचे कोपर काढा, पेटीत खोचलेल्या, काचेकडे हवा नेणाऱ्या नळ्या बाहेर ओढा आणि हवेच्या झडपेची केबल सुटी करा. नळ्या राहून गेल्या तर पेटी वर येत नाही आणि माणूस उगाच ओढत बसतो. शेवटी पेटीचे स्क्रू. पन्नास वर्षांचा फोम पत्र्याला डिंकासारखा चिकटलेला असतो, म्हणून पेटी ओढू नका. मागे-पुढे हलवत सैल करा. कोअरमध्ये थोडं पाणी उरतंच, ते गालिच्यावर किंवा बॉनेटच्या रंगावर सांडू देऊ नका.

आत काय सापडेल?

पेटी दोन भागांची असते आणि पत्र्याच्या क्लिपांनी जोडलेली असते. क्लिपा नीट जपा. आत कोअरच्या कडेनं जो फोम लावलेला असतो त्याचा काळा भुगा झालेला असेल. मास्क लावा, जुन्या गाडीतल्या कुठल्याही धुळीशी मी मास्कशिवाय खेळत नाही.

हा फोम हेच खरं कारण, असं मी आता खात्रीनं सांगतो. कोअर आणि पेटी यांच्यात फट राहिली की हवा सोपी वाट धरते. ती कोअरच्या जाळीतून न जाता कडेनं निसटते आणि थंडच बाहेर येते. पाणी उकळतं असलं तरी काचेवर गार वारा. माझ्या गाडीचं कोअर आधीच्या मालकानं एका वर्कशॉपमधून बदलून घेतलं होतं, पावती होती. कोअर नवं कोरं होतं, पण त्याच्याभोवती फोमचा तुकडासुद्धा नव्हता. नवं कोअर पेटीत नुसतं ठेवून दिलेलं. एवढे पैसे खर्च झाले आणि चाळीस मिनिटांचं काम राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवा फोम कोणता आणि कसा लावायचा?

बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा. उशीतला किंवा सोफ्यातला स्पंज अजिबात नको. तो पाणी धरतो आणि पत्रा गंजवतो. जाडी मोजायला फटीत लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी ठेवा, पेटी बंद करा, उघडा आणि दबलेली गोळी मोजा. त्याहून थोडा जाड फोम घ्या म्हणजे तो दाबून बसतो.

तीन जागा आहेत: कोअरच्या चारही बाजू, पेटीतल्या झडपेच्या कडा आणि पेटी व फायरवॉल यांच्यातला सांधा. तिसरी जागा जिवाशी संबंधित आहे. तो सांधा उघडा राहिला तर पंखा बॉनेटखालची हवा, म्हणजे पेट्रोलची वाफ आणि एक्झॉस्टमधून गळणारा धूर, आत ढकलतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटर लावल्यावर डोकं जड होत असेल तर खिडक्या उघडा, गाडी थांबवा आणि हा सांधा व एक्झॉस्ट दोन्ही तपासल्याशिवाय पुन्हा चालवू नका.

पेटी परत बसवताना नवा फोम घासून निघतो. त्यावर साबणाचं पाणी लावलं की पेटी घसरत जागेवर जाते.

कोअर चांगलं आहे की नाही, घरी तपासता येतं?

येतं. आधी बागेच्या नळानं दोन्ही दिशांनी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग एक तोंड बुचानं बंद करा, कोअर बादलीत बुडवा आणि दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपानं हलकी हवा भरा. रेडिएटरच्या टोपीवर जो दाब लिहिलाय त्याच्यावर जाऊ नका. बुडबुडे आले तर गळती. पेटी बाहेर आहेच आणि कोअर संशयास्पद असेल तर नवं घाला. हे काम दुसऱ्यांदा करायची वेळ येऊ नये.

पंखा फिरतो पण वारा लागत नाही.

तो उलटा फिरतोय का बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली होती. पुढे अनेकांनी बॅटरीची जोडणी उलट करून घेतली आणि पंखा मात्र विसरले. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. पंख्याची दिशा बरोबर असेल तर मोटरला थेट बॅटरीवर लावा; तिथे जोरात आणि गाडीत मंद चालत असेल तर स्विच आणि अर्थिंगचे सांधे घासून साफ करा.

सगळं जोडल्यावर हीटर गारच आहे.

आत हवा अडकली असेल. हीटर इंजिनाच्या मानानं उंचावर आहे, हवा तिथेच जमते. गाडीचं पुढचं तोंड चढावर ठेवा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाणी सावकाश भरा आणि हीटरची वरची होज किंचित सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबा. हे थंड इंजिनावरच करा.

गाडी मुंबई-पुण्यात आहे. तिथे हीटर कशाला हवा?

पावसाळ्यासाठी. जुलैत खंडाळ्याच्या घाटात छत लावलेल्या रोडस्टरमध्ये दोन माणसं बसली की काच पाच मिनिटांत दुधाळ होते. एमजीबीला एसी नाही, त्यामुळे वाफ काढायला हीच वाट. व्हॉल्व्ह थोडासाच उघडा आणि पंखा चालू ठेवा. कोमट हवा पुरते. नळीतला पाचोळा मात्र इथल्यापेक्षा तिथे जास्त त्रास देईल, म्हणून मृगाच्या आधी तांब्याची परीक्षा घ्याच. आणि अँटिफ्रीझ मुंबईतही घाला. ते गंजही थोपवतं, नुसत्या नळाच्या पाण्यानं कोअर आतून चोंदतं.

भारतात रस्त्यावर दिसणारी एमजी आणि ही एमजी एकच का?

नाव आणि अष्टकोनी चिन्ह तेच. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात अॅबिंग्डनला बनली. भारतातल्या आजच्या एमजी गुजरातमध्ये हालोलला बनतात आणि त्यांच्यात या हीटरमधलं काहीही नाही.

घाई आहे, काचेवर गरम पाणी ओतलं तर?

नको. गोठलेली काच तडकते. खरवडणी वापरा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, २२९व्या नियमात, निघण्याआधी सगळ्या काचा बर्फमुक्त करायला सांगितलंय. समोर वीतभर गोल पुसून निघणं चालत नाही.

काम नीट झालं हे कसं कळेल?

थंड सकाळी इंजिन गरम झाल्यावर हवा काचेकडे करा, पायाजवळचे दरवाजे बंद करा आणि पातळ कागदी रुमालाची पट्टी आधी एका, मग दुसऱ्या व्हेंटवर धरा. दोन्हीकडे ती सारखीच फडफडली पाहिजे. मग काच बघा. वाफ आधी दोन्ही व्हेंटच्या वर पंख्याच्या आकारात विरते, ते दोन पंखे हळूहळू मधोमध भेटतात आणि कोपरे शेवटी उघडतात. माझ्या गाडीत डावा पंखा पूर्वी उमटतच नसे. गेल्या जानेवारीत दोन्ही एकाच वेळी उमटले, आणि ते फडकं आता इंजिन ऑइल मोजायची काडी पुसायला डिकीत असतं.